आत्ताच डोळा लागलाय

तिला आम्ही सगळे अंगाई म्हणायचो. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण अतिदक्षता विभागात ते कोणी उच्चारलेलं मला आठवत नाही. मोठे डॉक्टरसुद्धा राउंडला आले की म्हणायचे, "सातव्या खाटेवरचे आजोबा फार धडपडतायत, अंगाईला पाठवा." मग ती हातातलं काम संपवून, हात धुऊन, पुसून, अजिबात घाई न करता सातव्या खाटेकडे जायची, आणि पाच मिनिटांत आजोबा गप.

मी तिथली इन्चार्ज सिस्टर होते. तोंडाची फटकळ. हे मीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला दुसऱ्या कोणाला विचारायला नको. एकवीस वर्षं त्या विभागात काढली आणि आता गुडघे धरून घरी बसले आहे. अंगाईबद्दल लोक अजूनही बोलतात, कोणी भलतं गोड बोलतात, कोणी भलतं वाईट. दोन्ही ऐकून माझं डोकं उठतं. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं.

आमच्याकडे बारा खाटा. मध्ये काचा, प्रत्येक खाटेला पडदा, आणि दिवसभर यंत्रांची टुंईटुंई. त्यात माणूस शुद्धीवर आला की पहिली गोष्ट काय करतो, तर अंगाला लावलेलं सगळं ओढून काढायला बघतो. नाकातली नळी, हातातली सुई, तोंडावरचा मास्क. त्याचं काही चुकत नाही, मीही तेच करीन. अशा वेळी बाकीच्या पोरी काय करायच्या, पट्टीनं हात खाटेला बांधायच्या, नाहीतर डॉक्टरांकडून झोपेचं इंजेक्शन लिहून घ्यायच्या. अंगाई खाटेचा कठडा खाली करायची आणि बसायची. उभ्या माणसाचं कोणी ऐकत नाही, हे तिचं म्हणणं. पेशंटचा हात वरून न दाबता खालून तळव्यावर घ्यायची. "घाबरू नका" असं ती कधीच म्हणायची नाही. म्हणायची, "घाबरू नका म्हटलं की कळतं ना माणसाला, घाबरण्यासारखं काहीतरी आहे म्हणून." त्याऐवजी ती आवाजांची ओळख करून द्यायची. "हा जो ओरडतोय ना, तो शेजारचा औषधाचा पंप. औषध संपत आलं की कांगावा करतो. तुमच्याशी त्याचं काही भांडण नाही."

नुसती गोडबोली होती असं समजू नका. सुजलेल्या हातात शीर सापडेना की तिलाच हाक जायची. एकदा ऑपरेशन झालेल्या एका बाईनं तिसऱ्यांदा पाणी मागितलं, तेवढ्यावरून हिनं ओळखलं की आत रक्तस्राव होतोय. मॉनिटरवर तोवर सगळं आलबेल होतं. सर्जन चिडले होते, मग पोट उघडल्यावर चिडायचे थांबले.

हे तिला कुठून आलं, असं मी एकदा विचारलं होतं. डबा खाताना. ती म्हणाली, "आमच्या वडिलांच्या चपलांतून." वडील जमदग्नीचा अवतार. जिन्यावर चपलांचा आवाज आला की आज मार की लाड, ते हिला सातव्या वर्षीच कळायचं. मग ती पुढे होऊन हातातली पिशवी घ्यायची, काहीतरी बोलायची, आणि आईवरचा प्रसंग टळायचा. "तेव्हापासून सवयच लागली बघा," म्हणाली आणि हसली. मला काही हसू आलं नाही. घरी नवरा छापखान्यात, एक मुलगी दहावीला. मुलगी कुरकुरायची की आई घरी येते तेव्हा तिचं बोलणं संपलेलं असतं. ते खरंच होतं. आठ तास सगळ्यांना वाटून उरणार काय?

तर आता ड्रायव्हर.

बावन्न वर्षांचा माणूस, तीस वर्षं बस चालवलेली. धुरानं आणि विड्यांनी फुफ्फुसं आधीच खिळखिळी, त्यात न्यूमोनिया झाला. त्याला चौथ्या खाटेवर घेतला आणि तोंडावर घट्ट पट्ट्यांचा मास्क बांधला. त्या मास्कातून यंत्र हवा आत ढकलतं. अशा पेशंटचं दुखणं दुहेरी असतं. नवी हवा आत जात नाही, हे एक. दुसरं म्हणजे वापरलेली हवा बाहेर पडत नाही, ती रक्तात साचते. साचायला लागली की माणूस आधी अस्वस्थ होतो, मास्क ओढतो, उठून बसतो. आणखी साचली की त्याला गुंगी येते. बाहेरून बघणाऱ्याला ती झोपच वाटते. बोटाला लावलेला चिमटा फक्त ऑक्सिजन सांगतो, या साचलेल्या हवेबद्दल तो काही बोलत नाही. ते कळायला मनगटातल्या धमनीतून रक्त काढून बघावं लागतं. आम्ही त्याला गॅस म्हणतो. ती सुई फार दुखते. चांगले चांगले लोक कळवळतात.

मंगळवार होता, आमची सकाळपासूनची ड्युटी. दुपारी बारापासून ड्रायव्हरनं धिंगाणा मांडला. मास्क ओढतोय, पाय आपटतोय, मास्कच्या आत काहीतरी बोलतोय. अंगाई त्याच्याजवळ बसली. मी समोरच्या टेबलावरून बघत होते. तिनं हात हातात घेतला आणि म्हणाली, "काका, तुम्ही एवढी वर्षं गाडी चालवलीत. आज गाडी हे यंत्र चालवतंय. तुम्ही मागच्या सीटवर बसा जरा. त्याच्याशी ओढाताण करू नका, ते देतंय तसा घ्या श्वास." दोनदा त्यानं तिचा हात झिडकारला. तिसऱ्यांदा तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. हळूहळू त्याचे खांदे सैल पडले. पावणेदोनला तो शांत झोपला. चिमटा ऑक्सिजन चौऱ्याण्णव दाखवत होता. ड्युटीवरच्या छोट्या डॉक्टरांनी लांबूनच अंगठा दाखवला.

दोनचा गॅस लिहिलेला होता. अंगाई सुई आणि बाटली ट्रेमध्ये घेऊन माझ्याकडे आली. मला तो क्षण नीट आठवतो, कारण त्याच वेळी बाराव्या खाटेवर नवीन पेशंट येत होता आणि लिफ्ट अडकली म्हणून मी वॉर्डबॉय मामांवर डाफरत होते. ती म्हणाली, "सिस्टर, चौथ्या खाटेचा गॅस आहे. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. सुई टोचली की परत सगळं पहिल्यापासून. अर्ध्या तासानं घेऊ का?"

मी मान वर न करता म्हणाले, "राहू दे. झोपू दे त्याला."

बस, एवढंच. इन्चार्ज मी. तिनं विचारलं आणि मी हो म्हटलं.

तिनं चार्टवर लिहिलं, रुग्ण शांत, झोप लागली. मग माझ्याच सांगण्यावरून ती बाराव्या खाटेला मदत करायला आली, कारण शीर सापडत नव्हती. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. पावणेतीनला ती ट्रे घेऊन पडद्याआड गेली आणि तिथून तिची हाक आली. इतक्या वर्षांत तिनं आवाज चढवलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ड्रायव्हर हाकेला ओ देत नव्हता. छाती नावाला हलत होती. आम्ही पोचेपर्यंत तीही थांबली, आणि मिनिटभरात हृदय थांबलं.

नऊ मिनिटं छाती दाबली, नळी घातली, औषधं दिली. हृदय परत चालू झालं. मेंदू मात्र आला नाही. डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत कोणी नाही. आमच्या कामात हे मरणापेक्षा वाईट असतं, मला कोणी काही म्हणो.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बोलावलं. चार्ट बघितला आणि म्हणाले, "फुफ्फुसं आधीच गेलेली होती. हे असंही झालं असतं. नातेवाइकांना उगीच काही सांगत बसू नका, आजार बळावला म्हणा." कदाचित झालंही असतं. पण दोनला गॅस घेतला असता तर सव्वादोनला घशात श्वासाची नळी घातली असती, आणि सव्वादोनला त्याचं हृदय चालत होतं. हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "सिस्टर, ते घाबरले नव्हते. ते सांगत होते. मी त्यांना गप्प केलं."

मी म्हणाले, "तोंड शिवून बस. तुला कळतंय का, काय होईल ते?" तिच्या भल्यासाठी बोलले असं मी तेव्हा स्वतःला पटवलं. खोटं. मला माझ्यापुरतीच भीती वाटत होती. इतक्या वर्षांत माझ्या नावावर डाग नव्हता आणि तो मला नको होता.

ड्रायव्हरची बायको बाहेरच्या लोखंडी बाकावर बसलेली असायची. शिवणकाम करायची बाई. लोकांच्या पँटींच्या कडा दुमडायचं काम पिशवीत भरून आणायची आणि तिथंच बसून टाके घालायची. मूलबाळ नव्हतं. दीर होता, तो दोनदा येऊन गेला, आणि दोन्ही वेळा त्याचं लक्ष घड्याळाकडे. तिचा सगळा जीव अंगाईवर. दिवसातून दोनदा आत यायला मिळायचं, तेव्हा तिची नजर आधी अंगाईला शोधायची. आहे ना, मग ठीक.

अंगाईनं चौथी खाट मागून घेतली होती. नऊ दिवस आपल्या ड्युटीत दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. दर दोन तासांनी कूस बदलणं, डोळ्यांत थेंब, तोंड पुसणं, टाचांखाली उशी. पाठीवर एक लाल डाग उठू दिला नाही. बोलायची मात्र नाही. ज्या बाईच्या बोलण्यावर अख्खा विभाग चालायचा, ती नऊ दिवस चौथ्या खाटेपाशी तोंड मिटून काम करत होती. सहाव्या दिवशी पहिल्याच झटक्यात सापडणारी शीर तिला चौथ्या वेळीही सापडली नाही. मी ट्रे तिच्या हातातून काढून घेतला.

एकदा बायको नवऱ्याचे पाय चेपता चेपता म्हणाली, "यांना ना ताई, कोणी गोड बोललं की नाही म्हणता येत नाही. बसमध्ये कोणी शिव्या दिल्या तर हे दुप्पट देणार. पण कोणी 'काका, जरा थांबता का' म्हटलं, की स्टॉप नसला तरी गाडी उभी. सायबांची बोलणी किती खाल्लीत त्याच्यापायी." सांगताना ती हसत होती. अंगाईच्या हातातला कापसाचा बोळा खाली पडला. तो उचलायला ती वाकली आणि बराच वेळ वर आलीच नाही. मी पडदा ओढून घेतला.

दहाव्या दिवशी छोट्या डॉक्टरांनी बायकोला आतल्या लहान खोलीत बसवलं. नावाला बोलण्याची खोली, तिथं मोडका वजनकाटा आणि जुने पडदे ठेवलेले असायचे. मीही होते, अंगाईही होती. डॉक्टरांनी सांगितलं की सुधारण्याची आशा नाही. हृदय पुन्हा कधीही थांबेल. तेव्हा पुन्हा छाती दाबायची की शांतपणे जाऊ द्यायचं, ते तुम्ही ठरवा, आजच नको, पण लवकर. एवढं बोलून त्यांना फोन आला आणि ते गेले.

बायकोनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली होती. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. अंगाईला म्हणाली, "ताई, मला यातलं काही कळत नाही. तुमचं माणूस असतं तर तुम्ही काय केलं असतं, तेवढं सांगा. तुम्ही म्हणाल तसं करते."

मला वाटलं, आता ही बोलेल. तिचा तो आवाज लावेल, हात खालून तळव्यावर घेईल, आणि या बाईला दोन मिनिटांत वाट दाखवेल. तिनं तसं केलं असतं तर मी देवाचे आभार मानले असते.

ती खुर्चीतून उठली. उभी राहिली. आणि उभ्यानंच बोलली, सपाट आवाजात, ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देतात तसं. "त्या दिवशी हे मास्क काढत होते. ते घाबरलेत असं मी समजले. त्यांना श्वास पुरत नव्हता, तेच ते सांगत होते. मी त्यांना समजावलं आणि ते माझं ऐकून गप्प झाले. दोन वाजता रक्त तपासायचं होतं. ते झोपलेत म्हणून मी थांबले. ती झोप नव्हती, गुंगी होती. वेळेवर तपासलं असतं तर ते कळलं असतं. मी तपासलं नाही."

"मी," म्हणाली. तीनदा, चारदा, प्रत्येक वाक्यात मी. सिस्टरना विचारलं होतं, हे तिनं सांगितलं नाही. मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. मला तोंड होतं. त्याच तोंडानं मी रोज मामांना, पोरींना, डॉक्टरांना फाडून खायची. ते उघडलं नाही.

बायको काही ओरडली नाही. रडलीही नाही. तिनं पिशवीतला एक सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मग म्हणाली, "हे मला आज कशाला सांगितलंत?"

अंगाई म्हणाली, "तुम्ही मला विचारत होता म्हणून."

"मग आता मी कोणाला विचारू?"

बायको उठली, पिशवी काखेत मारली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. तिनं त्या दिवशी काही ठरवलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. डॉक्टरांनी दोनदा विचारलं. दीराला फोन केला, तो म्हणाला, वहिनी सांगेल तसं. ती बाकावर बसून पँटींना टाके घालत राहायची. आणि कोणी काही ठरवलं नसेल तर आमचा नियम एकच, छाती दाबायची.

बाराव्या दिवशी सकाळी अकराला चौथ्या खाटेच्या मॉनिटरवरची लाइन सपाट झाली. अंगाई तिथंच होती. ती खाटेवर गुडघा टेकून चढली आणि दाबायला लागली. खरं तर दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो, हात थकतात. मी म्हणाले, "सरक, मी घेते." तिनं ऐकलं नाही. दुसऱ्या का तिसऱ्या मिनिटाला फासळी मोडल्याचा आवाज आला. तो आवाज आम्हाला नवा नाही, पण ती कळवळली आणि तशीच दाबत राहिली. तोंडानं आकडे मोजत होती. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. परत एक.

गडबडीत पडदा उघडा राहिला होता. बायको आत येऊन उभी राहिलेली आम्हाला कोणाला कळलंच नाही. ती म्हणाली, "सोडा आता त्यांना."

छोट्या डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, वेळ सांगितली, हात बाजूला घेतले. अंगाई थांबली नाही. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, बास." ती मोजत होती. सोळा, सतरा. कपाळावरचा घाम ड्रायव्हरच्या छातीवर पडत होता. शेवटी मी मागून तिच्या कमरेला मिठी घातली आणि मामांनी हात धरले, तेव्हा कुठं ती खाली आली. आली ती खाटेच्या पायाशी फरशीवर बसली. हात अजून एकात एक अडकवलेले, कोपरं ताठ, आणि ओठ हलतायत.

तिला कसं समजावायचं, मला सुचेना. बाकीच्या पोरी माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. अशा वेळी आम्ही जिला बोलवायचो, ती फरशीवर बसली होती.

बायको तिला वळसा घालून खाटेपाशी आली. तिच्याकडे तिनं बघितलं नाही. नवऱ्याच्या शर्टाची गुंडी लावावी तशी तिनं छातीवरची चादर गळ्यापर्यंत ओढली आणि नीट केली. मग माझ्याकडे वळली. बारा दिवसांत पहिल्यांदा.

"ताई," ती मला म्हणाली, "आता पुढचं सगळं तुम्हीच सांगा. माझा दुसऱ्या कोणावर विश्वास राहिला नाही. तुम्ही त्या दिवशी तिथं होतात ना? तुम्ही तरी माझ्याशी खरं बोला. एवढ्या एका बाईचीच चूक होती का?"

फरशीवरून अंगाईनं मान वर केली. इतका वेळ हलणारे तिचे ओठ थांबले. ती माझ्याकडे बघून अगदी हळू, नाही, अशी मान हलवत होती. मला अडवत होती. मला वाचवत होती.

मी बायकोला म्हणाले, "नळ्या काढायला वीस मिनिटं लागतील. तोवर तुम्ही बाहेर बसा."